जोतीरामांचं पहिलं 'नको'

आमचे ड्रायव्हर जोतीराम यांना आयुष्यात जे जे मिळालं नाही, ते सगळं त्यांना कोणी ना कोणी देऊ केलेलं होतं. देणाऱ्याने एकदाच विचारलं, हे जोतीरामांचं दुर्दैव. पहिल्या विचारण्याला 'नको' म्हणायचं, दुसऱ्याला 'कशाला उगं' म्हणायचं आणि तिसऱ्याला 'बरं, तुमी म्हनताय तर' असं म्हणून घ्यायचं, ही त्यांच्या घरची शिकवण. मग तो चहा असो, जिलेबी असो, नाहीतर सैन्यातली नोकरी असो.

सैन्याचं मी गमतीने म्हणत नाही. साताऱ्याकडच्या औंधच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. तिथे घरटी एक माणूस फौजेत. मिसरूड फुटायच्या आधीच पोरं पहाटे रस्त्याने पळायला लागतात. जोतीरामही पळाले. भरतीत धावण्यात पुढे आले, छाती मापात भरली, दात सगळे जागेवर निघाले. शेवटी टेबलामागच्या साहेबाने मान वर करून विचारलं, "फौज में आना है?" जोतीराम संकोचून म्हणाले, "रहने दो साब, दूसरे को देव." साहेब म्हणाला, "नेक्स्ट." मग जोतीराम मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून राहिले, साहेब परत विचारेल म्हणून. संध्याकाळी साहेब जीपमध्ये बसून निघून गेला आणि जोतीराम एस.टी.ने घरी आले.

लग्नाचंही असंच झालं असतं. मुलगी बघून झाली, जेवणं झाली, सासऱ्यांनी विचारलं, "पावनं, पोरगी पसंत हाय न्हवं?" नवरदेव म्हणाले, "असू द्या की." सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. नवरदेव म्हणाले, "कशाला उगं तरास." सासरे फेटा सावरून उठायला लागले, तेवढ्यात दाराआडून खुद्द मुलीचा आवाज आला. "आबा, अजून एकदा इचारा! ह्यांच्या ताटात भाकरी बी तिसऱ्यांदाच पडली." रंगूबाईने पंगत नीट बघितली होती, म्हणून संसार झाला.

पुढे जोतीरामांनी रहिमतपूर ते सातारा अशी वडापची जीप चालवली, माणसं गच्च कोंबून नेणारी. उतारू भाडं पुढे करायचे आणि हे म्हणायचे, "राहू द्या की." खेड्यातली माणसं शहाणी, 'धरा हो' म्हणून नोट त्यांच्या खिशात कोंबायची. कॉलेजची पोरं 'थँक्यू काका' म्हणून चालू लागायची. त्या जिपेला गर्दी फार असे. मालकाला गर्दीचं कारण कळलं तेव्हा त्याने किल्ली काढून घेतली.

मग ते माझ्याकडे आले. मी उमा. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत राहते. शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे अर्धं गाव मला 'बाई' म्हणतं आणि उरलेलं अर्धं मला बघून गल्ली बदलतं. निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात फाटकासकट अंगणात आणली. म्हणून जोतीरामांना बोलावून विचारलं, "माझ्याकडे ड्रायव्हर म्हणून याल का?" ते म्हणाले, "नगं बाई, माज्यापेक्षा चांगला गावंल." मी म्हटलं, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई दारात हजर. "उद्यापास्नं येत्यात ते," एवढं सांगून ती बाजाराला गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या घरात एकदाच विचारतात, हे इथे सांगून टाकते. चहा घेणार? हो की नाही. नाही तर नाही. वाक्याला अर्थ असतो, याच तत्त्वावर मी जन्मभर पोरांचे पेपर तपासले. जोतीराम पहिल्या दिवशी चहाला 'नको' म्हणाले. हा माणूस चहा पीत नाही असं मी मनात पक्कं केलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

गाडी मात्र ते झकास चालवतात. कोयनानगरच्या वळणांवर माझ्या मांडीवरच्या डब्यातलं ताक सांडत नाही. दर महिन्याला ते मला सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीकडे नेतात. वाटेत मी वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचते आणि ते "लय वाईट झालं बगा" म्हणतात. असं आमचं बरं चाललं होतं.

यंदा ती गाडी थकली. पुण्यातल्या माझ्या मुलाने, अनीशने, नवी नोंदवली आणि ती निघाली अर्धी शहाणी. नातू निमिष अशाच गाड्या करणाऱ्या कंपनीत कामाला, त्यामुळे आमच्या घरात साधीसुधी गाडी येणं शक्यच नव्हतं. ही गाडी मोठ्या रस्त्यावर आपली आपण चालते. रस्त्याचे पट्टे दिसेनासे झाले किंवा समोरचं काही कळेनासं झालं की ती ड्रायव्हरला सांगते, आता तुम्ही घ्या. त्याने दहा सेकंदांत स्टिअरिंग धरायचं. नाही धरलं तर ती हळू होत होत दिवे मिचकावत भर रस्त्यात उभी राहते.

"आजी, गाडी एकटी चालवते तेव्हा भीती नसते आणि माणूस चालवतो तेव्हाही फारशी नसते," निमिष मला समजावत होता. "खरी भीती असते ती गाडीच्या हातातून माणसाच्या हातात जाताना. त्या मधल्या वेळात गाडी कुणाचीच नसते." बोलतो बरा. शुद्धलेखन वाईट आहे.

अनीशने फोनवरून अट घातली. निमिषने कंपनीची चाचणीची गाडी साताऱ्याला न्यायची आणि तिच्यावर जोतीरामांना बसवायचं. त्यांनी वेळेत ताबा घेतला तर नवी गाडी त्यांच्याकडे. नाही तर दुसरा ड्रायव्हर शोधायचा. "वय झालंय त्यांचं, आई," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर जोतीरामांपेक्षा कमी केस आहेत.

मी जोतीरामांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते नुसतं "बरं बाई" म्हणाले आणि जुनी गाडी पुसायला गेले. ती त्यांनी सकाळीच पुसली होती. मला फार वाईट वाटलं.

चाचणीची गाडी आली. जोतीरामांच्या शेजारी ऋचा बसली. ती निमिषच्या हाताखाली काम करते आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा. मागे निमिष लॅपटॉप घेऊन, आणि त्याच्या शेजारी मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण उतर म्हणायची कुणाची टाप नव्हती. कराडच्या बाजूला निघालो. जोतीराम हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याच्या घरी पाटावर बसावं तसे अंग चोरून बसले होते. स्टिअरिंग आपलं आपण जरा इकडे, जरा तिकडे वळत होतं.

नागठाण्याच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. पट्टे उखडलेले, माती पसरलेली. गाडीतून बाईचा आवाज आला. स्वच्छ, गोड, बातम्या सांगाव्यात तसा. "पुढील रस्ता स्पष्ट नाही. कृपया स्टिअरिंग हाती घ्या."

"असू द्या, असू द्या," जोतीराम मान लववून म्हणाले. "चांगलं चालवताय की."

टुंग टुंग झालं. "कृपया स्टिअरिंग हाती घ्या."

"कशाला उगं. बेस चाललंय न्हवं."

त्यांचे हात मात्र मांडीवरून जरासे उचलले गेले होते आणि हवेत थांबले होते. हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही. बाई तिसऱ्यांदा बोलली नाही. गाडी मंद झाली, दिवे मिचकावायला लागली आणि उभी राहिली. मागे एस.टी. करकचून थांबली. कंडक्टरने खिडकीतून अंग बाहेर काढून आमच्या खानदानाची चौकशी केली.

"दमली असंल," जोतीराम म्हणाले आणि त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली.

कराडला जाऊन येईपर्यंत हेच. बाई म्हणायची घ्या, हे म्हणायचे असू द्या. एकदा तर एका ट्रकच्या मागे ऋचाने ब्रेक असा दाबला की माझा चष्मा पुढच्या सीटवर गेला. कुणाला ताबा घ्यायला किती वेळ लागला, त्याचा आलेख निमिषने घरी आल्यावर दाखवला. बाकीच्या ड्रायव्हरांचे ठिपके एका कोपऱ्यात दाटीने बसलेले होते. जोतीरामांचा ठिपका कुठे आहे, असं मी विचारलं. "तो कागदाच्या बाहेर आहे, आजी," निमिष म्हणाला. "मला बाबांना खरं ते सांगावं लागेल."

संध्याकाळी रंगूबाई आली. येताना चाकवताची जुडी आणली आणि ती ओट्यावर आपटली. "बाई, त्यांची नोकरी घालवाय निघालाय व्हय?"

"रंगूबाई, गाडी त्यांना दोनदा सांगते, घ्या म्हणून. ते घेत नाहीत."

"दोनदाच?" रंगूबाई म्हणाली. "मग कसं घेतील? लाज न्हाई का त्यांस्नी?"

मग तिने सगळं सांगितलं. भरतीचं, लग्नाचं, वडापचं. निमिष तोंड उघडं टाकून ऐकत होता. ऋचाला हसू आवरेना म्हणून ती मोरीत तोंड धुवायला गेली. शेवटी रंगूबाई म्हणाली, "आन् बाई, तुमच्या हितं तर च्या बी मिळाला न्हाई त्यांस्नी कवा. कोपऱ्यावरनं पिऊन येत्यात आन् जाताना परत पित्यात. लय शौक हाय च्याचा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजिबात ओशाळले नाही. विचारलं होतं, ते नको म्हणाले होते. मराठीत 'नको'चा अर्थ 'नको' असाच आहे, कोणताही कोश काढून बघा. उलट इतकी वर्षं माझ्यापासून चहा लपवून ठेवणाऱ्या त्या दोघांचाच मला राग आला.

निमिषला मात्र उत्साह चढला. आता दुखणं कळलं, औषध सोपं आहे, असं त्याला वाटलं. अनीशला फोन करून त्याने मुदत मागून घेतली. येत्या रविवारी मला सांगलीला जायचंच होतं. त्या वाटेवर शेवटची परीक्षा. जमलं तर जमलं, नाही तर त्याच दिवशी जोतीरामांना नमस्कार करायचा. हे ठरत होतं तेव्हा जोतीराम बाहेर अंगणात उभे होते आणि फाटकाची कडी उगाच उघडझाक करत होते.

रविवारी निघालो. निमिषने गाडीत तऱ्हेतऱ्हेचे आवाज भरून आणले होते.

पहिला आवाज पुरुषाचा, सलगीचा. आपल्या माणसाने अरेतुरे केलं तर संकोच कसला, असा त्याचा हिशेब. उंब्रजच्या पुलाजवळ गाडी म्हणाली, "घे रं गड्या स्टिअरिंग!" जोतीराम खुलले. "तूच चालीव रं मर्दा, तुला काय धाड भरलीया?" आणि हात पोटावर बांधून निवांत टेकून बसले. ऋचाने ब्रेक दाबला.

दुसऱ्यात गाडी तीनदा म्हणणार होती. रीतच तीनदाची असेल तर तीनदा म्हणू, त्यात काय. पण वेळ तेवढाच, म्हणून निमिषने तीन आग्रह एका दमात बसवले. "घ्या घ्या घ्या!" जोतीरामांचा चेहरा पडला. "बाई, ही काय रीत झाली? वाढप्याला पंगत उरकायची घाई झाल्यागत. मनात नसंल तर इचारू नये मानसानं." आणि त्यांनी स्टिअरिंगला शिवायचंसुद्धा नाकारलं. ऋचाने ब्रेक दाबला.

"आग्रह असा घाईत होत नाही," मी निमिषला म्हटलं. "दोन आग्रहांच्या मध्ये माणसाला नको म्हणायला जागा लागते."

"आजी, ऐंशीच्या वेगाला तेवढ्या जागेत गाडी शेतात जाते," तो म्हणाला. मी वर्तमानपत्र उघडलं आणि चुका शोधू लागले.

तिसरा आवाज खुद्द रंगूबाईचा. शनिवारी तिला बसवून बोलायला लावलं होतं. तीही आधी दोनदा नको म्हणाली होती, पण तोवर निमिष तयार झाला होता. पेठ नाक्याहून सांगली रस्त्याला लागलो आणि गाडीत अचानक रंगूबाई कडाडली, "आवं, घ्या की हातात! बगताय काय?"

जोतीराम दचकून पूर्ण मागे वळले. "तू कवा बसलीस गाडीत?" सीटच्या मागे वाकून ते तिला शोधू लागले. माझी पिशवीसुद्धा त्यांनी उचलून बघितली. पुढे रस्त्यावर गाडी एकटी आणि आमच्याकडे ड्रायव्हरचं तोंड. मी किंचाळले. ऋचाने ब्रेक दाबला. तिचा पाय आता दुखायला लागला होता.

आष्ट्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो. निमिष लॅपटॉप मिटून बसला. "मी बाबांना फोन करतो," तो हळू आवाजात म्हणाला. जोतीरामांनी ते ऐकलं. टपरीवाल्याने त्यांच्यापुढे कप धरला तेव्हा ते "नगं, नगं" म्हणाले, पण सवयीने म्हणतात तसं नाही. त्यांना खरंच नको असावा. मी नुसती बिस्कीट चहात बुडवत बसले आणि ते तुटून आत पडलं.

टपरीवाला पुन्हा म्हणाला, "घ्या हो मामा." जोतीराम "कशाला उगं" म्हणणार, एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाक आली. उसाच्या फडातून एक बाई वाढ्याचा भारा घेऊन बांधावर आली होती. वाढं म्हणजे उसाचे शेंडे, गुरांसाठी नेतात. भारा तिच्यापेक्षा मोठा. "आवं दादा, जरा हात लावा की!"

जोतीरामांनी 'नगं' म्हटलं नाही. 'कशाला उगं' म्हटलं नाही. तोंडातला शब्द तोंडात ठेवून ते "आलो, आलो!" करत निघाले. रस्त्याच्या कडेला थांबून दोन्हीकडे बघितलं, एक टेम्पो जाऊ दिला, पलीकडे गेले, भारा कुठून जड आहे ते नजरेने तोललं, पाय रोवले आणि तिच्या डोक्यावर चढवून दिला. ती निघून गेली. आभार मानले नाहीत आणि त्यांनाही ते अपेक्षित नव्हते. कोणी 'हात लावा' म्हटलं तर लावायचा असतो, त्यात विचारायचं काय?

मी बिस्किटासकट चहा खाली ठेवला. जन्मभर क्रियापदं शिकवली ती काय उगाच! "निमिष," मी म्हटलं, "गाढवा, तुझं क्रियापद चुकलंय."

"काय?"

"घ्या म्हणजे मान. हात लावा म्हणजे काम. त्यांच्यात मानाला आधी नाही म्हणायचं असतं. कामाला नाही म्हटलं तर माणूस वाईट ठरतो. तुझी ती गाडी त्यांना मान देतेय. तिला म्हणावं, मदत माग."

निमिषने लॅपटॉप उघडला. त्याचं टायपिंग होईपर्यंत मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले, कारण तो 'जरा'ला 'जारा' लिहील याची मला खात्री होती. लिहिलंच होतं. जोतीरामांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही.

पुन्हा निघालो. कारखान्यांचा हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या. तसला एक आमच्या पुढे चालला होता. मागे एकही दिवा नाही, ऊस दोन्हीकडून लोंबतोय, ड्रायव्हरने गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की आमच्या काचा थरथरत होत्या. आमच्या गाडीच्या पडद्यावर त्या जागी झाडाचं चित्र उमटलं. गाडीला वाटलं, रस्त्यावरून झाड चाललंय. तिने जरा विचार केला आणि त्या बातम्यावाल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "जरा हात लावा."

"आलो, आलो!"

बाईचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर आधी पुढे, मग आरशात. मागून एक दुधाची गाडी भरधाव येत होती, तिला त्यांनी पुढे जाऊ दिलं. मग हॉर्न वाजवून ट्रॅक्टरच्या बाजूने आमची गाडी अशी हळुवार काढली, की निमिषच्या मांडीवरचा लॅपटॉप हलला नाही. ऋचाने दोन्ही पाय वर उचलून घेतले होते, आता याची गरज नाही हे दाखवायला. निमिष पडद्याकडे बघून ओरडला, "आजी! आत्तापर्यंतच्या सगळ्यांत कमी वेळ! सगळ्या ड्रायव्हरांमध्ये!"

मला इतका आनंद झाला, की मी त्याचे कान धरले आणि सोडायचे विसरले.

पुढे रस्ता मोकळा झाला. गाडी नम्रपणे म्हणाली, "धन्यवाद. आता मी चालवते."

"बसा तुमी," जोतीराम म्हणाले. "दमला असाल."

"मी चालवण्यास तयार आहे."

"न्हाई न्हाई. बाईमानसाचं वझं हाय. घरापतूर पोचवायला नगं?" आणि त्यांनी सांगलीत विश्रामबागेपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही. निमिष म्हणाला की हा वेगळाच घोटाळा आहे, यावर वेगळी चाचणी लागेल. मी त्याला म्हटलं, गप्प बस.

बहिणीच्या दारात उतरलो. निमिषने तिथेच अनीशला फोन लावला आणि आवाज मोठा केला. अनीशने सगळं ऐकलं, आकडे ऐकले, दोनदा "काय सांगतोस" म्हणाला. मग म्हणाला, "ठीक आहे. नवी गाडी त्यांनाच दे. मी काही म्हणणार नाही."

निमिष हसत जोतीरामांकडे वळला. "काका, पास झालात! नवी गाडी तुम्हीच चालवायची. घ्या, ठरलं ना?"

जोतीरामांनी चाचणीच्या गाडीची किल्ली फाटकाच्या कठड्यावर ठेवली. "नगं दादा," ते म्हणाले. "आता वय झालं. एखादा तरना पोरगा बगा."

निमिषचं हसू मावळलं. हा पोरगा आठवडाभर या माणसाच्या 'नको'चा अभ्यास करत होता, आलेख काढत होता, आणि ऐन वेळी त्याने काय करावं? तो माझाच नातू. फोनमध्ये म्हणाला, "बाबा, ते नको म्हणतायत." अनीशही माझाच मुलगा. "बरं," तो म्हणाला, "त्यांची इच्छा नसेल तर आपण दुसरा बघू."

फोन बंद झाला. ऋचा माझ्याकडे बघायला लागली. जोतीराम किल्लीकडे बघत उभे होते.

आता आग्रह करायचा, हे मला कळत होतं. दोनदा आणखी 'घ्या हो' म्हणायचं, की झालं. तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. संकोचामुळे नव्हे. 'घ्या' हा शब्दच खोटा होता. मी काय देत होते त्यांना? गाडी त्यांची नव्हती, तिच्यातली सावलीची बाजू त्यांची नव्हती, वर्तमानपत्रातल्या चुका त्यांना ऐकायच्या नव्हत्या. देत होते ते, आणि घेत होते मी. माझे गुडघे सातारच्या पोवई नाक्यापर्यंतसुद्धा नेत नाहीत. ते गेले तर मी घरात बसून राहीन आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चुका काढीन. नव्या तरण्या पोराच्या मागे बसायची मला भीती वाटत होती. ही भीती मी अनीशला सांगितली नव्हती, बहिणीला नव्हती, कुणालाच नव्हती.

"जोतीराम," मी म्हटलं. "मला एकटीला हे उचलत नाही हो. जरा हात लावा."

त्यांनी मान वर केली.

"आवं, मग तसं म्हना की बाई!"

किल्ली त्यांच्या हातात कधी गेली ते कोणालाच दिसलं नाही. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि मी बसण्याची वाट बघत उभे राहिले. आम्ही नुकतेच येऊन पोचलो होतो. बहीण दारात तांब्या घेऊन उभी होती, आत पानं मांडली होती आणि कुठेही जायचं नव्हतं.

मी पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसले.